शाळा सुटल्यावर फुकट संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गरीब वस्तीतली, बाहेरून कामाला आलेल्या घरांतली, घरी वेगळीच भाषा बोलणारी पोरं, आणि त्यांच्यासाठी शाळा सुटल्यावर चालणारे फुकट संगीतवर्ग. हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, कधी पालकांकडून, कधी 'आपण पण असं काहीतरी काढूया' म्हणून उत्साहात निघालेल्या मंडळींकडून. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. मी पेटीवाला माणूस आहे, समाजशास्त्र वगैरे शिकलेलो नाही, तेव्हा जिथे मत आहे तिथे ते माझंच समजा.

हे नक्की असतं काय? छंदवर्गच ना?

दिसतं तसंच, पण नाही. छंदवर्गाला फी असते, आठवड्यातून दोन तास असतात, आणि परीक्षा आली की आई म्हणते आता पुरे. इथे फी नाही, वाद्य वर्गाचं, प्रवेशाला चाचणी नाही, आणि मुख्य म्हणजे मूल जवळजवळ रोज येतं. शाळा सुटल्यापासून आईबाप कामावरून परत येईपर्यंतचे जे दोन-तीन तास असतात ना, ज्यात पोरगं एकतर मोबाईलवर असतं नाहीतर नाक्यावर, तो वेळ हा वर्ग उचलतो. शिकवणं पण एकेकट्याला बसवून नाही, घोळक्यात. पहिल्या आठवड्यापासून सगळ्यांनी मिळून काहीतरी वाजवायचं, मग ते दोनच सूर का असेनात.

ही कल्पना आली कुठून?

जगभर आज जे चालू आहे त्यातलं बरंचसं व्हेनेझुएलाच्या एल सिस्टेमा या फुकट ऑर्केस्ट्रा शिकवणाऱ्या कार्यक्रमावरून आलंय. होसे अन्तोनिओ आब्रेऊ म्हणून एक गृहस्थ, शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ आणि मुळात संगीतकार, त्यांनी १९७५ साली काराकासमधल्या एका गॅरेजमध्ये पहिली तालीम ठेवली. शंभर मुलं येतील या हिशोबाने पन्नास म्युझिक स्टँड मिळवून ठेवले होते, आली अकरा. हे त्यांनीच पुढे २००९ मध्ये टेड पारितोषिकाच्या भाषणात सांगितलंय. त्या अकरातून देशभर केंद्रं झाली, त्या केंद्राला तिकडे नुक्लेओ म्हणतात. गुस्तावो दुदामेल हा बार्किसिमेतोचा मुलगा याच वाटेने वर आला आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचा संगीत संचालक झाला. २०२१ च्या नोव्हेंबरात काराकासमध्ये ८,५७३ जणांनी एकत्र वाजवून गिनीज रेकॉर्डही केलं. रेकॉर्ड ठीक आहे हो, मला त्या अकरांचं जास्त अप्रूप वाटतं, कारण पहिल्या दिवशी अकराच आले तर आपल्याकडचा आयोजक 'इथल्या लोकांना किंमतच नाही' म्हणून दुसऱ्या दिवशी सतरंजी गुंडाळून मोकळा होतो.

खरंच फुकट? मग पैसे कोण भरतं?

मुलाला फुकट. दुसऱ्या कुणालातरी चांगलंच महाग. सगळ्यात मोठा खर्च वाद्यांचा असेल असं लोकांना वाटतं, तो नसतो, तो शिक्षकांच्या पगाराचा असतो. रोज तीन तास येणारा चांगला शिक्षक पाहिजे तर त्याचं घर त्यावर चालायला पाहिजे, नाहीतर तो लग्नसराईत ऑर्केस्ट्राला जाणार आणि जाऊ दे ना, त्यात त्याची काय चूक.

व्हेनेझुएलात पैसा सरकारचा. आब्रेऊंची हुशारी अशी की बहुतेक काळ त्यांनी हे संस्कृती खात्याच्या ऐवजी समाजकल्याणाच्या बाजूच्या खात्यांतून चालवून घेतलं. कलेचं बजेट पहिल्यांदा कापलं जातं हे त्यांना माहीत असणार, ते स्वतः संस्कृतीमंत्रीही राहिले होते. अमेरिकेत बॉल्टिमोरला ऑर्ककिड्स नावाचा असाच कार्यक्रम २००८ मध्ये सुरू झाला, तिथे कंडक्टर मरिन ऑल्सॉप यांनी स्वतःला मिळालेल्या मॅकआर्थर फेलोशिपचे पैसे घातले. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंग शहरातल्या रॅप्लॉक वस्तीत २००८ पासून बिग नॉइज हा कार्यक्रम चालू आहे, पुढे ग्लासगोचं गोव्हनहिल, अॅबर्डीनचं टोरी, डंडीचं डग्लस अशा वस्त्या जोडल्या गेल्या. तिथे देणग्या, स्थानिक पालिका आणि सरकार असं मिळून भागतं. पण २०२३ मध्ये अॅबर्डीनच्या पालिकेने पैसे काढून घेतले आणि टोरीचा वर्ग चालतो की बंद पडतो अशी वेळ आली, शेवटी स्कॉटिश सरकारला मधे पडावं लागलं. म्हणजे श्रीमंत देशातसुद्धा हे दोरीवरचंच चालणं आहे.

आणि आपल्याकडे हे नवीन आहे असंही नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, नंतर १९०८ मध्ये मुंबईला आले. त्यांच्या उपदेशक वर्गातल्या मुलांना राहणं, जेवण, शिक्षण सगळं संस्थेचं, त्या बदल्यात काही वर्षं राहून शिकायचं आणि मग शिकवायचं अशी बोली. पैसा कुठून, तर जाहीर मैफिली आणि देणग्या. शेवटी कर्ज एवढं झालं की मुंबईची इमारत हातची गेली. पलुस्करांची ही गत झाली तर तुमच्या-माझ्या ट्रस्टचं काय, हा विचार सुरुवातीलाच केलेला बरा.

रोज कशाला? शनिवार-रविवार पुरे नाही का?

वाजवायला शिकायला कदाचित पुरेल. पण मग तो छंदवर्गच झाला. रोज येण्यात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे ज्या घरात रियाजाला जागाच नाही, दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं आणि वर टीव्ही, त्या मुलाचा रियाज वर्गातच होतो, घरी करून ये म्हणायची सोय नसते. दुसरं म्हणजे रोज त्याच वेळेला तोच मोठा माणूस तिथे हजर असतो. हे आपल्याला किरकोळ वाटतं, पण ज्या मुलाच्या आयुष्यात भाड्याची खोली दर अकरा महिन्यांनी बदलते आणि बाप कधी साईटवर कधी गावाला, त्याला ही हजेरी फार मोठी असते.

आणि वेळेबद्दल एक अभ्यास सांगण्यासारखा आहे. लॉस एंजेलिसला हार्मनी प्रोजेक्ट म्हणून फुकट कार्यक्रम आहे, २००१ पासूनचा. तिथल्या मुलांवर नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या नीना क्राउस आणि सहकाऱ्यांनी काम केलं, २०१४ मध्ये छापून आलं. मेंदू बोलण्यातले आवाज किती नेमके टिपतो ते त्यांनी मोजलं. एक वर्ष शिकलेल्या मुलांत फरक दिसला नाही, दोन वर्षांनी दिसला. मुलं थोडी होती त्यामुळे त्यावर मनोरे रचू नका, पण 'तीन महिन्यांचा प्रकल्प, शेवटी गॅदरिंग, अहवाल सादर' हा जो आपला आवडता फॉर्म्युला आहे, त्यातून काही होत नाही असं म्हणायला मला एवढं पुरतं.

माझं पोरगं बेसूर आहे, घेतील का?

घेतील. नाही घेतलं तर तो या प्रकारचा वर्गच नाही, तो निवड चाचणीचा वर्ग आहे, त्यालाही जागा आहे पण ती वेगळी. आणि सहा-सात वर्षांचं मूल बेसूर असतं म्हणजे बहुतेक वेळा त्याला कुणी नीट ऐकवलेलंच नसतं.

वाद्य घरी न्यायला मिळतं का? मोडलं तर?

वर्गावर अवलंबून. बरेच जण पहिले काही महिने वाद्य हातात देतच नाहीत. एल सिस्टेमात 'कागदी ऑर्केस्ट्रा' असतो, मुलं आईबापांसोबत बसून पुठ्ठ्याचं व्हायोलिन बनवतात, रंगवतात, आणि त्यावर धरायचं कसं, ठेवायचं कसं, एकत्र उचलायचं कसं हे शिकतात. हा प्रकार मला फार आवडतो, कारण त्या निमित्ताने बाप वर्गात येऊन कात्री-डिंक घेऊन बसतो, नाहीतर पालकसभेला येतात ते फक्त आया आणि आज्या.

पॅराग्वेमध्ये काटेउरा नावाचा कचरा डेपो आहे, राजधानी असुन्सिओनच्या कडेला. तिथे फाव्हिओ चावेझ मुलांना संगीत शिकवायला लागले आणि लक्षात आलं की व्हायोलिनची किंमत मुलांच्या घरापेक्षा जास्त, ते घरी दिलं तर मुलाच्या जिवाला घोर. मग कचरा वेचणारेच एक कारागीर, निकोलास गोमेझ, त्यांनी पत्र्याचे डबे, काटे-चमचे, पाईप यातून वाद्यं बनवली. तो ऑर्केस्ट्रा पुढे जगभर फिरला. आता यावरून आपल्याकडे कुणी म्हणेल चला आपणही भंगारातून वाद्यं बनवू, स्वस्तात होईल. तसं नका करू. गरज म्हणून झालेली गोष्ट वेगळी आणि फोटोसाठी केलेली वेगळी, आणि पोरांना तो फरक लगेच कळतो.

मोडण्याचं म्हणाल तर मोडणारच. तबल्याची पुडी फाटणार, शाई उडणार, पेटीचा भाता फुटणार, पावसाळ्यात तर चामडं उतरतंच. दुरुस्तीचा खर्च पहिल्या दिवसापासून धरायचा आणि पालकांकडून भरपाई मागायची नाही, कारण एकदा मागितली की पुढच्या आठवड्यात त्या घरातलं मूल यायचं बंद होतं.

अभ्यासाचं नुकसान होणार नाही? उलट हुशार होतो म्हणतात ते खरं का?

नुकसान होत नाही. बहुतेक चांगले वर्ग आधी अर्धा-पाऊण तास गृहपाठ करून घेतात, मग वाद्य. आणि खाऊ देतात. यावर हसू नका, बॉल्टिमोरवाले तर जेवणसुद्धा देतात. भुकेलं मूल ताल धरत नाही.

हुशार होतो का, याचं उत्तर जपून द्यावं लागेल. एल सिस्टेमाची सगळ्यात मोठी तपासणी इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने करवली, १६ केंद्रं, ६ ते १४ वयाची २,९१४ मुलं, काहींना आधी प्रवेश आणि काहींना एक वर्षाने, चिठ्ठी टाकून. निकाल २०१६ मध्ये आला. स्वतःवरचा ताबा थोडा सुधारला, वागण्यातल्या तक्रारी थोड्या कमी झाल्या, ज्या घरांत किंवा वस्तीत हिंसा होती तिथल्या मुलांत हे जास्त दिसलं. पण फरक छोटा होता आणि बाकी बऱ्याच गोष्टींत काही दिसलं नाही. तेव्हा 'संगीत शिका, गणितात पहिले या' असं जे बॅनरवर लिहितात ते लिहू नये. गाणं आलं हे पुरेसं कारण का नाही, हे मला कधी कळलेलं नाही. श्रीमंतांच्या पोरांना पियानो लावताना कुणी असला हिशोब मागत नाही.

दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, गांधर्व मंडळाच्या वगैरे मान्य परीक्षा दिल्या असतील तर, पण त्याचे नियम बदलत असतात आणि परीक्षेला फी असते. ती फी वर्गाने भरायची तयारी ठेवावी, नाहीतर फुकट वर्गात परत दोन गट पडतात.

खरंच गरीब मुलांपर्यंत पोचतं का हे?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. त्याच तपासणीत एक आकडा निघाला. प्रवेशासाठी नाव घातलेल्या मुलांत गरीब होती १६.७ टक्के, आणि ती मुलं ज्या प्रांतांत राहत होती तिथे मुलांतली गरिबी होती ४६.५ टक्के. म्हणजे जो कार्यक्रम जगभर 'गरिबांचा ऑर्केस्ट्रा' म्हणून गाजला, त्यात सगळं फुकट असूनही जास्त गरीब पोचलेच नव्हते.

असं का होतं ते कुठल्याही वस्तीत दिसतं. वर्ग फुकट आहे हे कळलं की पहिल्यांदा येतात ती जागरूक घरं. ज्या आईला नोटीस वाचता येते, जिला शाळेच्या गेटवर उभं राहायला वेळ आहे, जिच्या घरी धाकट्याला सांभाळायला आजी आहे. जिची मुलगी चौथीत असून घरचा स्वयंपाक करते तिच्यापर्यंत बोर्ड पोचतच नाही. त्यामुळे 'सर्वांना प्रवेश' लिहून दार उघडं ठेवलं की काम झालं असं नसतं, घरोघरी जावं लागतं, आणि धाकट्या भावंडाला सोबत आणलं तर चालेल हे मोठ्याने सांगावं लागतं. काही ठिकाणी वर्ग थेट शाळेतच बसवतात, अख्खी इयत्ता वाजवते. इंग्लंडमध्ये २००९ मध्ये सुरू झालेल्या इन हार्मनीने लिव्हरपूलच्या एव्हर्टन भागात तेच केलं, एका छोट्या प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात वाद्य, शिक्षकसुद्धा सोबत शिकणार. हा मार्ग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो कारण त्यात निवड करायला कुणी उरतच नाही.

एल सिस्टेमावर टीका पण झालीय ना?

झालीय, आणि ती ऐकायला हवी. जेफ्री बेकर या ब्रिटिश अभ्यासकाने २०१४ मध्ये बऱ्याच गोष्टी मांडल्या: वरून हुकूम सुटणार आणि खाली सगळे मान डोलावणार असा कारभार, तासन्तास तालमी, सरकारच्या जाहिरातीसाठी मुलांचा वापर. नंतर २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या तक्रारीही उघडपणे पुढे आल्या. 'संगीत माणसाला चांगलं बनवतं' या वाक्यावर विसंबून राहिलं की असं होतं, चांगलं बनवायला नियम लागतात.

मग मुलांच्या सुरक्षिततेचं काय बघायचं?

पालकांनी बिनधास्त विचारा. शिक्षकाची पोलीस पडताळणी झालीय का. बंद खोलीत एकट्या मुलाला शिकवतात का, शिकवत असतील तर दार उघडं आणि दुसरं मोठं माणूस आसपास पाहिजे. बोटं धरून बसवताना, पोटावर हात ठेवून श्वास शिकवताना आधी मुलाला विचारतात का. तक्रार कुणाकडे करायची ते भिंतीवर लिहिलंय का. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, २०१२ चा आहे, वर्ग चालवणाऱ्याला तो माहीत असायलाच हवा, आणि गुरूबद्दल आपल्याकडे जो आदर असतो तो या बाबतीत जरा बाजूला ठेवायचा. 'फुकट शिकवतात, त्यांना कसं विचारायचं' असं वाटतं ना, तेच धोक्याचं आहे.

वेगवेगळ्या भाषेची, धर्माची पोरं एकत्र बसतात?

पोरं बसतात, मोठ्यांना वेळ लागतो. ग्लासगोच्या गोव्हनहिलमध्ये पाकिस्तानी घरं, पूर्व युरोपातून आलेली रोमा घरं, जुने स्कॉटिश, सगळे एकाच गल्लीत आणि सगळ्यांची पोरं एकाच ऑर्केस्ट्रात. व्हिएन्नात सुपरार नावाचा असाच कार्यक्रम आहे, २००९ चा, काढला कुणी तर व्हिएन्ना बॉइज क्वायर, तिथलं कोन्त्सर्टहाउस हे संगीतसभागृह आणि कारितास ही चर्चची सेवाभावी संस्था या तिघांनी मिळून. तिथे मुलं ज्या ज्या घरातून आली त्या त्या भाषांतली गाणी सगळे मिळून गातात. न्यूझीलंडला ऑकलंडच्या ओटारा भागात २०११ पासून सिस्टेमा आओतेआरोआ आहे, तिथे मुलं मुख्यतः माओरी आणि पॅसिफिक बेटांवरच्या घरांतली.

आपल्याकडे मुंबईच्या कुठल्याही म्युनिसिपल शाळेच्या आसपास तेलुगू, तमिळ, भोजपुरी, कानडी, उर्दू सगळं ऐकू येतं. अशा वर्गात मी एकच सांगेन: पहिलं गाणं मराठी प्रार्थना ठेवू नका, हिंदी पण नको. पोरांना विचारा तुझी आजी काय गाते. एक ओळ घ्या, सगळ्यांना शिकवा. ज्याच्या आजीची ओळ वर्ग गातो त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो. भाषा येत नसेल तर लय पकडून चालतं, टाळीला कुठली भाषा लागते. धर्माचा प्रश्न मात्र येतो, काही घरांत वाद्य नको असतं, काहींना एखादं भजन नको असतं. तिथे भांडायचं नाही, दुसरं गाणं घ्यायचं.

पण मोझार्ट कशाला? आपलं संगीत काय वाईट आहे?

वाईट काही नाही. पाश्चात्य ऑर्केस्ट्राचा एक सोयीचा भाग असा की त्यात शंभर जणांना शंभर कामं मिळतात, ज्याला दोनच सूर येतात त्यालाही जागा आहे. आपलं रागसंगीत एकट्याचं, गुरूसमोर बसून. घोळक्याला शिकवायची रीत त्यात बसवावी लागते, पलुस्करांनी बसवायचा प्रयत्न केलाच होता.

पण आपल्याकडे घोळक्याचं संगीत नाही असं कोण म्हणतं? भजनी मंडळ आहे, शाळेचं लेझीम आहे, ढोल-ताशा पथक आहे. आळंदीची वारकरी शिक्षण संस्था जोग महाराजांनी १९१७ साली काढली, गावोगावची शेतकऱ्यांची पोरं तिथे राहून पखवाज, गायन, कीर्तन शिकतात आणि ही परंपरा फीवर चाललेली नाही. एका संप्रदायाचं आहे हे खरं, त्यामुळे सगळ्यांना ते लागू नाही, पण शंभर वर्षांहून जास्त टिकलंय हे बघा.

दुसरी गोष्ट जरा टोचेल. आपण 'वस्तीतल्या मुलांना संगीत द्यायला' जातो तेव्हा समोर बसलेल्या मुलाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हलगी असते, ढोलकी असते, बाप भीमजयंतीला गायनपार्टीत गातो, मामा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. ते पोरगं ठेका घेऊनच जन्मलंय. त्याला आपण पहिल्या दिवशी मांडी घालून 'सा' लावायला बसवतो आणि ते चुळबुळलं की म्हणतो लक्ष नाही. अहो, त्याच्या मामाला वर्गावर बोलवा ना, मानधन देऊन.

महाराष्ट्रात, गोव्यात, भारतात कुठे आहे असं काही?

आहे. गोव्यात चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन २००९ पासून काम करतं, डॉ. लुईस डायस यांनी सुरू केलेलं, ते पेशाने डॉक्टर. गरीब घरांतल्या मुलांना व्हायोलिन, चेलो वगैरे शिकवतात. गोव्यात हे रुजायला जमीन तयारच होती म्हणा. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून गावातल्या मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायचे, शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणायचे. हेतू चर्चची उपासना नीट व्हावी हा, पण परिणाम असा झाला की मुंबईच्या सिनेमा स्टुडिओंतले कितीतरी वादक आणि अरेंजर गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच, आर. डी. बर्मन आणि प्यारेलाल दोघंही त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. चर्चच्या फुकट शाळेचं व्याज हिंदी सिनेमाने खाल्लं, असं मी म्हणतो.

मुंबईत धारावीला द धारावी ड्रीम प्रोजेक्ट आहे, तिथे रॅप, बीटबॉक्सिंग, ब्रेकडान्स फुकट शिकवतात, नावच आफ्टर स्कूल ऑफ हिपहॉप. काही जुन्या मंडळींना हे संगीत वाटत नाही, त्यांनी एकदा जाऊन नुसती लय ऐकावी. धारावीतच कचरा वेचणाऱ्या मुलांचा धारावी रॉक्स हा बँड आहे, डबे आणि ड्रम बडवून काय सुरेख वाजवतात. चेन्नईला ए. आर. रहमान यांच्या संस्थेचा सनशाइन ऑर्केस्ट्रा आहे. आणि कालिम्पाँगची गांधी आश्रम शाळा, फादर मॅकग्वायर यांनी १९९३ मध्ये काढलेली, मजुरांच्या मुलांना तिथे व्हायोलिन शिकवतात. फोन करून जागा आहे का विचारा, इथे वाचून थेट बॅग भरून जाऊ नका.

आम्ही परदेशात असतो, आमच्या मुलाला चालेल का?

काही ठिकाणी पत्ता बघतात, काही ठिकाणी शाळा, काही ठिकाणी उत्पन्न. बिग नॉइजसारखे कार्यक्रम वस्तीला बांधलेले असतात, त्या वस्तीत राहत असाल तर तुमचं मूल त्यांचंच. पण आयटीचा पगार घेऊन, चांगल्या भागात घर असून, फुकट आहे म्हणून लांबून गाडीने आणून सोडणार असाल, तर मी काय सांगू. त्यापेक्षा शनिवारी जाऊन तबला शिकवायला मदत करा, त्यांना हव्याच असतात वेगळ्या परंपरेची वाद्यं जाणणारी माणसं.

मुली येतात का?

छोट्या येतात, सातवी-आठवीनंतर गळती लागते. कारण संगीताचं नसतं, अंधाराचं असतं. वर्ग साडेसहाला सुटला आणि रस्त्यावर दिवे नसतील तर घरचे पाठवणार नाहीत आणि ते बरोबरच आहे. वेळ अलीकडे घ्या, गटाने घरी सोडा, एक बाई शिक्षिका ठेवा. आणि स्वच्छ संडास. हे लिहावं लागतंय याचीच लाज वाटते पण कित्येक ठिकाणी मुली याच कारणाने सुटतात.

आम्हाला आमच्या भागात सुरू करायचंय, कुठून सुरुवात करू?

आधी दोन वर्षांचे पैसे, मग वाद्यं. उलटं करू नका. सहा महिन्यांनी बंद पडलेला वर्ग हा न काढलेल्या वर्गापेक्षा वाईट, कारण त्या पोरांनी आणखी एका मोठ्या माणसाला निघून जाताना बघितलेलं असतं.

जागा: म्युनिसिपल किंवा झेडपीची शाळा सगळ्यात चांगली, मुलं तिथेच असतात. समाजमंदिर मिळालं तर ते कुणाचं आहे आणि कोण तिथे पाय ठेवत नाही हे आधी विचारा. कागदपत्रं: धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आयकर सवलतीच्या नोंदण्या (ज्यांना १२ए, ८०जी म्हणतात), आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे समाजकार्यासाठीचा, पैसा पाहिजे तर सीएसआर-१ फॉर्म. मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीचे दोन टक्के असे खर्च करावे लागतात, शिक्षण त्यात बसतं, तर अर्जात 'शिक्षण' असं लिहा. आब्रेऊंचीच युक्ती. फक्त कंपनीचा पैसा सहसा वर्षाचा असतो आणि मूल सहा वर्षांचं काम असतं, म्हणून एकाच दात्यावर बसू नका, वस्तीतल्या पन्नास घरांनी महिन्याला दहा-वीस रुपये दिले तरी घ्या. रक्कम किती हे महत्त्वाचं नाही, बंद पडायची वेळ आली की तेच लोक नगरसेवकाकडे जातात.

वाद्यं: सुरुवातीला पेट्या दोन, तबल्याच्या जोड्या थोड्या, ढोलक्या, खंजिऱ्या, झांजा, आणि गळा. गळ्याला दुरुस्ती लागत नाही. व्हायोलिनचा मोह असेल तर हे माहीत ठेवा की ती मापात येतात, पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण, आणि मुलं वाढतात, म्हणजे एका मुलाला दहा वर्षांत तीन-चार व्हायोलिनं लागणार.

कार्यक्रम करायचे की नाही?

करायचे, भरपूर, पण वस्तीत. शेजाऱ्यांनी बघायला हवं. साहेबांच्या वाढदिवसाला, उन्हात दोन तास उभं करून, मागे देणगीदाराचा फलक आणि पुढे पोरं असलं काही असेल तर नाही म्हणा. पोरांची ओळख 'झोपडपट्टीतली मुलं' अशी करून देणाऱ्या निवेदकाला आधीच चिठ्ठी पाठवा. चेहरे-नावं टाकून व्हिडिओ पसरवण्यापूर्वी घरी विचारा.

यातून पुढे करिअर होतं का?

थोड्यांचं. बँड, स्टुडिओ, शाळेत संगीतशिक्षक, कीर्तनाला साथ. सगळ्यात जास्त होतं ते असं की मोठी झालेली पोरं त्याच वर्गात शिकवायला येतात, आणि तेव्हा वर्गाचा शिक्षकांचा प्रश्न निम्मा सुटतो. त्यांना 'स्वयंसेवक' म्हणून राबवून घेऊ नका, पगार द्या.

घरी जुनी पेटी पडून आहे, देऊ का?

आधी वाजवून बघा. सूर अडकत असतील, भात्यातून हवा जात असेल तर दुरुस्तीवाल्याला दाखवून, पैसे भरून, मग द्या. माळ्यावरची बंद पेटी दान केली की तुमचा माळा मोकळा होतो आणि वर्गाचा भरतो. गिटार देणार असाल तर तारा नव्या घाला. आणि कॅसिओ देताना अॅडॅप्टर सोबत द्या, तो कायम घरीच विसरून राहतो.